तिसऱ्या पाळीत कोण उघडणार?

‘पॅनेलचं दार’ : कारखान्यातल्या वाचकांचे प्रश्न आणि आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्या मॅडमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एआय, क्लाउड, कोबोट, डिजिटल ट्विन हे शब्द इतके आले की संपादक म्हणाले, ‘उद्याचं ऑटोमेशन’ असा विशेष विभागच करू या का? मी म्हटलं, विभाग नको, पत्रंच छापा. माझी सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली, आधी पिंपरीत, मग प्रोसेस प्लांटवर. निवृत्त झाले तरी लोक पॅनेल उघडायला बोलावतातच. त्यामुळे नवीन काहीही समोर आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रात्री दोनला हे बंद पडलं आणि विकणाऱ्याचा फोन लागत नसला, तर तुमच्यातलं कोण हे उघडणार? खालची उत्तरं त्याच खोडीतून आली आहेत.

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं मशिन शॉप आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, दोन व्हीएमसी (उभी मिलिंग मशिनं) आणि वडिलांच्या काळातली दोन जुनी मशिनं. एक जण इंडस्ट्री ४.० चा डॅशबोर्ड दाखवून गेला. मोबाइलवर सगळं दिसतं म्हणे. दर मशिनमागे महिन्याचं भाडं. घ्यावं का? (एक लघुउद्योजक, भोसरी)

भाड्याचं नंतर बघू. आधी महिनाभर प्रत्येक मशिनजवळ एक वही लटकवा. मशिन पाच मिनिटांहून जास्त थांबलं की ऑपरेटरने कारण लिहायचं. टूल बदललं, माल आला नव्हता, लाइट गेली, क्रेन अडकली होती, जे असेल ते. शुद्धलेखन तपासू नका आणि वहीवरून कोणाला झापू तर अजिबात नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून सगळी कारणं ‘लाइट गेली’ अशीच येतील. महिना संपला की वही घेऊन बसा. मालकाला वाटत असतं, मशिन बिघडण्यात वेळ जातो. वही पुष्कळदा सांगते की पहिला पीस पास होण्याची वाट बघण्यात जातो. तसं निघालं तर तुम्हाला डॅशबोर्ड नको, इन्स्पेक्शनला एक चांगला माणूस हवा.

वहीतून खरंच मशिनचीच कारणं निघाली तर मोजणी आपोआप व्हायला हवी. वही लोक महिनाभर भरतात, वर्षभर कोणी भरत नाही. तुमच्या सीएनसींच्या कंट्रोलरमध्ये ही माहिती आधीच असते: सायकल चालू आहे की नाही, कोणता अलार्म आला, किती पीस झाले. कंट्रोलरला इथरनेट पोर्ट आहे का आणि तो चालू करायला वेगळा ऑप्शन विकत घ्यावा लागतो का, हे मशिन बनवणाऱ्याला विचारा. वडिलांच्या मशिनांना कंट्रोलर नाही म्हणून ती अडाणी ठरत नाहीत. मेन केबलमधल्या एका फेजच्या तारेभोवती सीटी क्लॅम्प (करंट मोजणारा चिमटा) बसवला की करंटवरून मशिन कापतंय की नुसतं फिरतंय, हे कळतं. ज्या मशिनवर टॉवर लॅम्प आहे, तिथे तर काम आणखी सोपं. हिरव्या, पिवळ्या, लाल दिव्याला जाणाऱ्या २४ व्होल्टच्या तारा छोट्या डेटा लॉगरच्या इनपुटला समांतर जोडल्या की झालं. कंट्रोलरला हातही लावावा लागत नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं एखादं पोरगं हे प्रोजेक्ट म्हणून करून देईल.

आणि भाड्याचंच घ्यायचं ठरलं तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या. डेटा आपल्याला एक्सेलमध्ये काढता आला पाहिजे. भाडं थांबवलं तरी जुना डेटा आपला राहिला पाहिजे. इंटरनेट गेलं तरी मोजणी चालू राहिली पाहिजे. तिसऱ्या अटीवर सेल्सवाला हसला, तर समजा त्याने भोसरीत पावसाळा काढलेला नाही. इंडस्ट्री ४.० हे नाव जर्मनांनी २०११ साली हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात पुढे आणलं. मशिनं आणि माल एकमेकांशी बोलतील, हा त्यातला मूळ विचार. महिन्याचं भाडं नंतर चिकटलं.

प्रश्न : आमची फाउंड्री आहे. फेटलिंगला (कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढायला) माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत. प्रदर्शनात कोबोट बघितला. भोवती सुरक्षेची जाळी लागत नाही, माणसाच्या शेजारी उभा राहतो. हा घेऊन ग्राइंडिंग करता येईल का? (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)

प्रदर्शनातला कोबोट काय उचलत होता ते आठवा. प्लास्टिकचा चेंडू किंवा पाण्याची बाटली असणार.

कोबोट म्हणजे कशाला लागलं की थांबणारा, ताकद आणि वेग मर्यादित ठेवलेला रोबो. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने असा पहिला रोबो २००८ मध्ये विकला. त्यानंतर २०१६ मध्ये आयएसओ टीएस १५०६६ हा दस्तऐवज आला. त्यात शरीराच्या २९ जागा धरून, रोबो आदळला तर कुठे किती दाब चालेल, याचे आकडे दिले आहेत. २०२५ च्या आयएसओ १०२१८ मध्ये आता तो विषय मुख्य मानकातच घेतला आहे. पण ही सगळी गणितं हाताच्या टोकाला काय बांधलंय ते धरून करायची असतात. टोकाला फिरती ग्राइंडिंग डिस्क बांधली की रोबोचा हात कितीही सोज्वळ असला तरी डिस्क सोज्वळ नसते. तुमच्या कामाला जाळी लागणारच. शिवाय ठिणग्या, सिलिकाची धूळ आणि ती ओढणारा एक्झॉस्ट हेही आलं. आणि एकदा जाळी लागलीच, तर कोबोटच्या सावकाशपणाचे पैसे का मोजायचे? साधा औद्योगिक रोबो घ्या, जास्त वजन उचलतो आणि जोरात चालतो.

खरी अडचण वेगळीच आहे. तुमच्या कास्टिंगची फ्लॅश, म्हणजे कडेने बाहेर आलेला जादा धातू, रोज सारखी येत नाही. आज पार्टिंग लाइनवर (साच्याच्या दोन भागांच्या जोडावर) एक मिलिमीटर, पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) झिजला की तीन. कामगार ते डोळ्यांनी बघून हात जड करतो. रोबोला त्यासाठी फोर्स कंट्रोल लागतो, म्हणजे दाब मोजून पुढे-मागे होणारी यंत्रणा. आणि जॉब दर वेळी त्याच जागी धरणारं फिक्श्चर लागतं. ज्याच्या पॅटर्नची निगा चांगली, त्याच्याकडे रोबो फेटलिंग करतो. ज्याची नाही, त्याच्याकडे महिनाभर करतो आणि मग ताडपत्रीखाली जातो. तेव्हा आधी पॅटर्न शॉपवर खर्च करा. त्यातले निम्मे पैसे फेटलिंगचं काम कमी झाल्याने असेच वसूल होतील.

कोबोटला माझा विरोध नाही. बजाज ऑटोने चाकणच्या असेंब्ली लाइनवर २०१० पासून कोबोट वापरले, ते सारख्या मापाच्या, हलक्या आणि त्याच त्या कामांना. तुमच्याकडे फाउंड्रीला जोडून मशिनिंग असेल तर सीएनसीला जॉब लावणं-काढणं हे त्याचं काम. २०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसले आणि जगात आपला सातवा नंबर आला. यातले बरेचसे गाड्यांच्या कारखान्यांत गेले, कारण तिथे हजारो जॉब एकसारखे येतात. घेताना विकणाऱ्याला तुमचे सर्वांत वाईट वीस पीस द्या आणि त्यांच्याच कारखान्यात ट्रायल मागा. चांगले वीस पीस कोणीही घासून दाखवेल.

प्रश्न : मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणतात पीएलसी (मशिन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) शीक. भाऊ म्हणतो, आता एआयच प्रोग्रॅम लिहितं, शिकून काय उपयोग? मॅडम, मी काय करू? (एक विद्यार्थिनी, लातूर)

तुला अहो-जाहो करत नाही, माझ्या भाचीच्या वयाची असशील. भाऊ चुकीचं सांगत नाहीये. सीमेन्सने मायक्रोसॉफ्टबरोबर २०२३ मध्ये इंडस्ट्रियल कोपायलट आणला. साध्या भाषेत सांगितलं की तो पीएलसीचा कोड लिहून देतो. टायमर, काउंटर, कन्व्हेयरचा सीक्वेन्स अशी रोजची कामं ही यंत्रं बऱ्यापैकी करतात, आणि वर्षागणिक जास्त चांगली करतील. म्हणून सरांचं सोडायचं का? ऐक.

पीएलसी आली कशी? १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या) पॅनेलांचा वैताग आला होता. मॉडेल बदललं की शेकडो रिले पुन्हा वायर करायचे, त्यात दिवसच्या दिवस जायचे. डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ हा कंट्रोलर बनवला. नाव ०८४, कारण त्यांच्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. त्याचा प्रोग्रॅम त्यांनी मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखा ठेवला, दोन उभ्या रेघा आणि मध्ये आडवे पायरीसारखे सर्किट. तेच लॅडर. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला नवी भाषा न शिकता वाचता यावं, म्हणून. पुढे १९९३ च्या आयईसी ६११३१-३ मानकात लॅडरशेजारी इतर भाषा आल्या. इंजिनिअर मंडळींना स्ट्रक्चर्ड टेक्स्ट आवडतं. एआयलाही तेच आवडतं, कारण ते शेवटी मजकूर आहे. तरीही आपल्याकडच्या पॅनेलांत बघशील तिथे लॅडरच दिसतं. रात्री दोन वाजता लॅपटॉप उघडणारा माणूस अजून तुझ्याच ट्रेडचा असतो.

आता एक प्रयोग कर. कोणत्याही एआयला सांग, मोटर स्टार्ट-स्टॉपचं लॅडर दे. मग स्टॉप बटणाचं चिन्ह बघ. खरं स्टॉप बटण आपण एनसी वायर करतो, म्हणजे न दाबता करंट जाऊ देणारं. का? तार तुटली तरी मोटर थांबावी म्हणून. म्हणजे बटण दाबलेलं नसताना पीएलसीच्या इनपुटला सिग्नल असतो, आणि म्हणून लॅडरमध्ये तिथे एनओ, म्हणजे सिग्नल आला की जोडला जाणारा कॉन्टॅक्ट काढावा लागतो. नवशिका तिथे एनसी काढतो आणि मोटर चालूच होत नाही. मग घाईत कोणीतरी प्रोग्रॅम तसाच ठेवून बटणच बदलतं, एनओ लावतं. मोटर झकास चालते, बटण दाबलं की थांबतेही. आणि ज्या दिवशी ती तार तुटेल, त्या दिवशी स्टॉप दाबून काहीही होणार नाही. एआयने बरोबर दिलं की चूक, हे तुला ओळखता आलं तर तुझी नोकरी पक्की. एआयला तुझ्या पॅनेलात कोणी काय वायर केलंय ते दिसत नाही. (इमर्जन्सी स्टॉप तर प्रोग्रॅमच्या भरवशावर ठेवायचाच नाही. तो सेफ्टी रिलेतून थेट पॉवर तोडतो.)

एका पॅकिंग लाइनवर बघितलेलं सांगते. सिलिंडर पुढे जायचा, पण पुढची स्टेप यायची नाही. दोन इंजिनिअर लॅपटॉपवर प्रोग्रॅम उघडून बसले होते. लाइनवरच्या ऑपरेटर बाईंनी बोटाने सिलिंडरवरचा रीड स्विच (पिस्टन कुठे आहे ते सांगणारा) दाखवला. त्याचा पट्टा ढिला होऊन स्विच जरासा मागे सरकला होता. पिस्टन जाताना त्याचा लाल दिवा क्षणभर लागायचा आणि टोकाला पोचेपर्यंत विझायचा. प्रोग्रॅम अर्धा सेकंद टिकणारा सिग्नल मागत होता. स्क्रू ढिला करून स्विच पुढे ढकलला, आवळला, लाइन सुरू. तो प्रोग्रॅम एआयला दिला असता तर त्याने निर्दोष म्हणून सांगितलं असतं, आणि ते खरंही होतं.

तेव्हा पीएलसी शीक, आणि त्याच्या दोन्ही बाजूही शीक. खालची बाजू म्हणजे ड्रॉइंग वाचणं, मल्टीमीटर, पीएनपी-एनपीएन या दोन जातींच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरमधला फरक, ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल आणि तो शून्याऐवजी चारपासून का सुरू होतो (तार तुटली की शून्य दिसतं, म्हणून). वरची बाजू म्हणजे आयपी ॲड्रेस, सबनेट, स्विच. हल्ली निम्मे ‘पीएलसी बिघडला’वाले फोन नेटवर्कचे निघतात. सरावाला कोडेसिस हे पीएलसीचं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं, ओपनपीएलसीही आहे. भावाला सांग, एआय वापरायला मला शिकव. बदल्यात तू त्याला टेस्टर धरायला शिकव.

प्रश्न : मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभाग बघतो. डीसीएसच्या (अख्खा प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल यंत्रणेच्या) ऑपरेटर स्टेशनला अजून विंडोज ७ आहे. आता वरून आदेश आलाय, सगळा डेटा क्लाउडवर द्या, एआय साखरेचा उतारा वाढवून देईल. आमच्यासारख्या कारखान्याला कोण हॅक करणार, असं चेअरमन साहेब म्हणतात. खरं आहे का? (सांगली जिल्हा)

तुमच्याच मागे कोणी लागेल असं नाही. पण खंडणीवाला व्हायरस दारावरची पाटी वाचून आत येत नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला. यानंतर सापडलेली भोकं तशीच उघडी राहतात.

कारखान्याच्या कंट्रोलरवरच्या हल्ल्याचं मोठं उदाहरण म्हणजे २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट. इराणच्या नतान्झमधल्या, युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या सीमेन्स पीएलसींपर्यंत तो पोचला, आणि ती यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. पसरायला त्याला यूएसबी पुरली. १,०६४ हर्ट्झवर चालणारे ड्राइव्ह (मोटरचा वेग ठरवणारे) तो मध्येच १,४१० वर न्यायचा, आणि त्या वेळी ऑपरेटरच्या स्क्रीनला आधी साठवून ठेवलेले नेहमीचे आकडे दाखवायचा. स्क्रीनवर सगळं हिरवं आणि खाली यंत्रं मरताहेत! तुमच्याकडे असं कोणी करणार नाही. पण हंगामात तुमच्या कंट्रोल रूममध्ये किती पेनड्राइव्ह येतात, आणि त्यातल्या कितींमध्ये गाणी असतात, ते तुम्हीच मोजा.

साहेबांना सांगायला मार्च २०१९ चं नॉर्स्क हायड्रोचं उदाहरण जास्त उपयोगी. नॉर्वेची ही ॲल्युमिनियम कंपनी चाळीसेक देशांत पसरलेली. खंडणीच्या व्हायरसने त्यांचे हजारो संगणक बसवले. त्यांनी पैसे दिले नाहीत. कागदावर आणि हाताने कारखाने चालवले, आणि जुनी पद्धत माहीत असलेली निवृत्त माणसंही मदतीला आली. तुमच्याकडे कंट्रोल रूम बंद पडली तर बॉयलरची लेव्हल ग्लासवर बघून फीड वॉटर हाताने सांभाळणारी माणसं किती उरलीत? ती निवृत्त व्हायच्या आत त्यांच्याकडून लिहून घ्या.

डेटा द्यायचाच असेल तर एका दिशेने द्या. डीसीएसचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं हवं, मध्ये फायरवॉल हवी, आणि बाहेरून आत काही लिहिता येता कामा नये. सप्लायरला रिमोटवर यायचं असेल तर तुमच्या माणसाने दार उघडायचं आणि काम झाल्यावर त्यानेच बंद करायचं. कायमचं उघडं ठेवायचं नाही. डीसीएसचा पूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर कपाटात ठेवा, आणि ऑफ-सीझनमध्ये दुसऱ्या पीसीवर तो चढवून बघा. न चढवून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. सप्लायरने प्रोग्रॅमला पासवर्ड घातला असेल तर तोही लेखी मागा. पैसे तुमचे, कारखाना तुमचा आणि पासवर्ड त्याचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं, आणि शेवटचा हप्ता देऊन झाल्यावर तो मागणं फार जड जातं. शिवाय २०२२ पासून सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. कोण कळवणार, त्याचं नाव आजच ठरवून ठेवा.

आता उताऱ्याचं. एआय रसाच्या पीएचवर चुन्याचा डोस ठरवेल, असं तुम्हाला सांगितलं असणार. कच्चा रस साधारण ५.२ ते ५.५ चा, सल्फिटेशननंतर तो ७ च्या आसपास ठेवायचा. इथे गोम एवढीच की त्या गरम, चुना घातलेल्या रसात पीएचच्या इलेक्ट्रोडवर पापुद्रा चढतो. मग तो मंदावतो. रस बदललेला असतो, इलेक्ट्रोड जुनंच सांगत असतो, कंट्रोलर चुना ओतत राहतो, आणि थोड्या वेळाने सगळंच उलट्या दिशेला जातं. ट्रेंडच्या आलेखावर ही लाट स्पष्ट दिसते. अशा इलेक्ट्रोडवर जगातला सर्वांत हुशार एआय बसवा, तो चूक आकड्यावर हुशारी करेल. पाळीला एकदा इलेक्ट्रोड बाहेर काढून सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुवायचा आणि बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) तपासायचा, हे ज्याच्याकडे नेमाने होतं त्यानेच एआयचं बघावं. दोन इलेक्ट्रोड आलटून-पालटून धुणारी यंत्रणा मिळते. माझं मत विचाराल तर क्लाउडच्या आधी ती घ्या, आणि बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत बसवून टाका.

प्रश्न : वेर्णा इथल्या औषध कंपनीत ऑपरेटर आहे. ब्लिस्टर लाइनवर (गोळ्यांच्या पट्ट्या भरणाऱ्या) नवा एआय कॅमेरा आलाय. तो चांगल्या गोळ्याही फेकतो. सुपरवायझर त्याची संवेदनशीलता कमी करायला सांगतात, तीही त्यांच्याच लॉगिनवरून. (गोवा)

दुसऱ्याच्या लॉगिनवरून काही करू नका, अगदी सुपरवायझरने सांगितलं तरी. तुमचा माल अमेरिकेला जात असेल तर तिथल्या एफडीएचा १९९७ चा ‘पार्ट ११’ नियम लागू होतो. इलेक्ट्रॉनिक नोंद कोणी, कधी, का बदलली हे ऑडिट ट्रेलमध्ये दिसायला हवं. तिथे नाव त्यांचं आणि सीसीटीव्हीत चेहरा तुमचा, असं झालं तर दोघंही अडचणीत. बदल करायचाच तर चेंज कंट्रोलचा कागद फिरवायचा.

आणि आधी लाइट बघा. कॅमेऱ्याच्या दहा तक्रारींतल्या निदान निम्म्या प्रकाशाच्या असतात. ॲल्युमिनियम फॉइल चमकतं, वरच्या ट्यूबलाइटची रेघ त्यात उमटली की कॅमेऱ्याला ती तडा वाटते. कॅमेऱ्याभोवती काळा पत्रा लावून ट्रायल घ्यायला सांगा. तोही बदल कागदावरच.

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, सध्या जर्मनीत हाइलब्रॉनजवळ कंट्रोल इंजिनिअर आहे. इथे व्हर्च्युअल पीएलसीची चर्चा आहे. पीएलसीचा डबाच जाणार का? भारतात हे कधी येईल?

तुमच्या घरापासून जवळच ते चालू आहे. नेकरझुल्मजवळच्या बॉलिंगर होफे कारखान्यात ऑडीने बॉडी शॉपचे कंट्रोलर लाइनशेजारच्या पॅनेलांतून काढून सर्व्हरवर नेले आहेत. सीमेन्सने २०२३ मध्ये एस७-१५०० व्ही हा व्हर्च्युअल कंट्रोलर आणला. प्रोग्रॅम तोच, डबा गेला. हार्डवेअर जुनं झालं तर सर्व्हर बदलायचा, पन्नास पॅनेलं उघडायची गरज नाही. अपडेट एका जागेवरून. मोठ्या कारखान्याला हे पटण्यासारखं आहे, आणि एका पुरवठादाराच्या हार्डवेअरला कायमचं बांधून राहणं यामुळे कमी झालं तर मला आनंदच आहे.

डबा मात्र सगळीकडून जाणार नाही. स्वतंत्र पीएलसी मेली तर एक मशिन थांबतं. सर्व्हर किंवा त्याचा नेटवर्क स्विच मेला तर अख्खी लाइन थांबते. म्हणून दुहेरी सर्व्हर, दुहेरी नेटवर्क, आणि तो सांभाळणारा आयटीचा माणूस तिसऱ्या पाळीतही हजर. ऑडीला हे परवडतं. आपल्याकडे आयटी विभाग सहाला घरी जातो आणि त्यांच्याकडे नोंदवलेल्या तक्रारीला ‘२४ कामकाजाचे तास’ लागतात. मोठ्या वाहन कंपन्यांत हे येईल, पण सातपूर-अंबडच्या शॉपमध्ये डिन रेलवरची (पॅनेलातल्या पट्टीवर बसणारी) छोटी पीएलसी माझ्या हयातीत हलत नाही. तुम्ही तिकडे शिकून घ्या मात्र. परत आलात तर आयटी आणि मेंटेनन्स या दोघांची भाषा येणारा माणूस इथे दुर्मिळ आहे.

प्रश्न : वाळूजला असेंब्ली लाइनवर आहे. आता प्रत्येक स्टेशनवर स्क्रीन लावलाय, माझा सायकल टाइम लाल-हिरवा दिसतो. पाणी प्यायला गेलो तरी लाल. याला प्रगती म्हणायचं का?

ज्याने तो स्क्रीन लावला त्याने एक गल्लत केली आहे. स्टेशन का थांबलं हे मोजायच्या ऐवजी माणूस कुठे गेला हे मोजलं. याचा परिणामही ठरलेला असतो. माणसं लाल टाळायला शिकतात. स्क्रू नीट न बसता पुढे जातो, बटण आधीच दाबलं जातं, स्क्रीन हिरवा राहतो आणि बिघाड गिऱ्हाइकाकडे निघतो. हे मी व्यवस्थापनालाही सांगत आले आहे, त्यांना ऐकायला कडू लागतं.

तुम्ही एक करा. लालच्या वेळी कारणाचं बटण मागा: माल नाही, टूल खराब, आधीच्या स्टेशनची वाट, सुट्टी. युनियन असेल तर युनियनमार्फत, नसेल तर सुरक्षा समितीत. आणि ठरलेल्या ब्रेकची वेळ हिशोबातून आधीच वगळलेली हवी. महिन्यानंतर ती बेरीज भिंतीवर लावायला सांगा. पाण्याची मिनिटं किती आणि मालाची वाट बघण्याची किती, ते सगळ्यांना दिसू द्या.

प्रश्न : पंधरा वर्षं जुन्या मशिनच्या पीएलसीवर बॅटरीचा लाल दिवा लागलाय. बदलली तर प्रोग्रॅम जाईल का? मशिन बनवणारी कंपनी बंद झाली आहे. (इचलकरंजी)

अशा जुन्या पीएलसींमध्ये प्रोग्रॅम रॅममध्ये असतो आणि पॉवर नसताना बॅटरीच तो धरून ठेवते. म्हणून आधी केबल मिळवून प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवून घ्या. इचलकरंजीत त्या मेकची केबल कोणाकडे तरी असतेच, विचारा. मग पीएलसीची पॉवर चालू ठेवूनच बॅटरी बदला. बंद करूनच बदला असं मॅन्युअल म्हणत असेल तर त्यात दिलेल्या मिनिटांच्या आत. मशिन मात्र थांबवलेलं, हायड्रॉलिक आणि हवा उतरवलेली हवी. पॅनेलच्या दाराला आतून कागद चिकटवा: बॅटरीचा नंबर, बदलल्याची तारीख, प्रोग्रॅमची फाइल कुठे ठेवली ते आणि केबल कोणाकडून आणली ते. तोपर्यंत शनिवारी संध्याकाळी मशिनचा मेन स्विच कोणी बंद करू नये म्हणून त्यावर आजच पाटी लावा.